अहो, सोडा

४ फेब्रुवारी

पाण्यात चालले हे! घरात दाराशी आले की पाय जमिनीला चिकटतात, आणि तिथे व्यायामाच्या तलावात छातीभर कोमट पाण्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेले. कंपवाताचं हे चौथं वर्ष. मला रडू आलं, ह्यांना कळू नये म्हणून नाक शिंकरलं. व्यायाम घेणाऱ्या मास्तरांनी बजावलंय — काठाचा दांडा धरूनच चालायचं. दोरीच्या पलीकडे डोक्यावरून पाणी आहे.

७ फेब्रुवारी

एकदा दांडा धरला की मूठ उघडतच नाही. मास्तरांनी युक्ती दिली — रोज तोच शब्द, ठाम आवाजात. दोनदा म्हटलं, "अहो, सोडा." बोटं उघडली! तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, हात कधी सुटला नाही. आता बायकोच्या हुकमाची वाट बघतो. लग्नानंतर पहिल्यांदाच.

१२ फेब्रुवारी

दाराची कडी, नळ, चमचा. दिवसभर आपलं अहो, सोडा, अहो, सोडा. घसा बसला.

१५ फेब्रुवारी

दोरीपलीकडे नेमकं किती खोल, हे मास्तरांना विचारत होते. दुसऱ्यांदा. उमेद वाढली म्हणायची.

१९ फेब्रुवारी

आज मला फ्यूज बदलायला शिकवलं. हात थरथरत होता तरी तार कशी आवळायची ते तीनदा दाखवलं. मी म्हटलं, तुम्ही आहात की घरात. म्हणाले, "येत असावं." मग मेन स्विच, मीटर, सगळं वहीत लिहून घ्यायला लावलं. मी चिडले.

२१ फेब्रुवारी

दोरीपलीकडे जायचंच म्हणतात. मास्तर तयार नव्हते. मीच गळ घातली.

२४ फेब्रुवारी

अक्षर नीट येत नाहीये. हे दोरीपलीकडे दांडा धरून होते, मास्तरांचा हात पाठीला. छान चाललं होतं. मला चेव आला. काठावरून मास्तरांना म्हटलं, "सोडा, जमेल ह्यांना."

मास्तरांनी हात काढला. आणि ह्यांची मूठ उघडली.

सरळ तळाशी गेले. धडपड नाही, काही नाही. मास्तरांनी बुडी मारून वर काढलं. फुप्फुसात पाणी गेलंय, नळी घातलीय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस जाऊ देत.

तो शब्द मीच बोटांना पढवला, आणि मीच भलत्या वेळी उच्चारला. माझी जीभ का नाही झडली?

२७ फेब्रुवारी

वाचले! शुद्धीवर आले. नर्ससमोरच ह्यांचे पाय धरले, माफी मागितली.

१ मार्च

नळी काढली. जेमतेम आवाज फुटला. म्हणाले, "रडू नकोस. ते तू मास्तरांना म्हणालीस, कळलं होतं मला. मला सांगताना आधी 'अहो' म्हणतेस. मूठ मीच उघडली."