झेंड्याची मागची बाजू

इतवारी, नागपूर
१२ मार्च १९७२

सत्यवतीवहिनी,

नमस्कार. पलटणीतलं शिंपीकाम सोडून मी महिन्याभरापूर्वी घरी आलो. आईचे गुडघे दुखतात, बाकी सारे बरे आहेत. दुकान पुन्हा उघडलं. तुमची दोन्ही पत्रं पोचली होती. वेळ मिळाला नाही म्हणून उत्तर राहिलं, असं एकदा लिहिलं अन् फाडून टाकलं. वेळ भरपूर होता.

सुट्टीवर आलेल्या कोण्या जवानानं उमरेडात सांगितलं, विश्वनाथ पळून येत होता, म्हणून आपल्याच लोकांनी मारला. अन् बाबारावजींनी आपल्याच पोराचा फोटो भिंतीवरून काढला. वहिनी, तो जवान तिथं नव्हता. मी होतो.

बंगाल्यांच्या मुक्तिफौजेच्या टोळ्या सरहद्दीवरच्या आमच्या तळावर तयार होत. त्यांचा झेंडा म्हणजे हिरवं कापड, मधात लाल गोळा, गोळ्यावर पिवळा नकाशा. हरेक टोळीले कोपऱ्यात आपली खूण पाहिजे, कोणाची होडी, कोणाचा मासा. हे काही हौसेचं नव्हतं. तिथं मारणारा अन् मरणारा एकच भाषा बोले, एकच लुंगी नेसे. एकदा भाताच्या शेतात सहाजण संगिनीनं भोसकून पडलेले पाहिले, आतडी चिखलात. त्यातल्या दोघांले त्यांच्याच टोळीनं मारलं होतं, ओळखलं नाही म्हणून.

विश्वनाथ वायरलेस घेऊन मासेवाल्या टोळीसंग जायचा. त्यांचा झेंडा मी शिवला. आता आमचं घराणं पितृपक्षात बसणाऱ्या हाडपक्या गणपतीचे पडदे शिवणारं. पडद्याले लोक समोरून पाहतात, मागं भिंत. बाप शिकवून गेला, नक्षी समोर लाव, मागं कोरं ठेव, कापड नासू नको. हात तसाच चालला. जाड हिरवं कापड, गोळा अन् मासा एकाच बाजूनं.

विश्वनाथनं झेंडा उलटून पाहिला. म्हणाला, "मुकुंद, मागून नुसता हिरवा दिसून राहिला गा. समोरच्या दुश्मनाचाही हिरवाच आहे."

माझ्यापुढं फाटक्या वर्द्यांचा ढीग, डोकं फिरलेलं. मी म्हटलं, "मागून कोणाले दाखवतं? पळून येणार आहेस का?"

तो हसला. "पळून आलो तर सत्यवती घरात घेईन का मले?"

टोळी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी वायरलेसवर त्याचाच आवाज आला, पूल उडवला, परत येतो. परतायचा हुकूमच होता वहिनी, हे बाबारावजींले दोनदा वाचून दाखवा. त्यांच्या मागं दुश्मन लागला असेल म्हणून बांधावर होडीवाली टोळी मशिनगन लावून बसली होती. मी चहाची किटली घेऊन त्यांच्या मागं उभा. धुक्यातून माणसं आली, पुढं झेंडा. वारा उलटा होता. बांधावरून दिसलं ते नुसतं हिरवं.

गन सुरू झाली. झेंडा धरलेला त्यांच्यातला एक शाळामास्तर होता, त्याचा जबडाच उडाला. विश्वनाथच्या खांद्यावर एक जखमी होता. त्यानं त्याले खाली ठेवलं, मास्तरच्या हातातली काठी ओढली अन् उभा राहिला. लपला नाही. दोन्ही हातांनी कापड ताणून लाल बाजू आमच्याकडं फिरवून राहिला होता. मी ओरडलो, पण गनपुढं माझं कोण ऐकते? अर्धा गोळा दिसला तेवढ्यात त्याच्या छातीवर अन् गळ्यावर गोळ्या बसल्या. मग बांधावरचा एक रडत ओरडला, आपलेच आहेत! सात गेले होते.

आता खरं सांगतो. दुपारी चौकशी बसणार होती. झेंडा धुवायले माझ्याकडं आला. मी आधी मशीन उघडली. मागच्या बाजूनं दुसरा गोळा लावला, दुसरा मासा लावला. कापड रक्तानं कडक झालेलं, दोन सुया मोडल्या. साहेबांनी झेंडा दोन्हीकडून पाहिला, ठीक म्हणाले. मले विचारलं, पहिल्यापासून असाच होता? मी हो म्हटलं. मग कागदावर चढलं, टोळी झेंडा न दाखवता माघारी आली. उमरेडातली अफवा त्या कागदातून निघाली, अन् कागद माझ्या तोंडातून.

झेंडा जाळायले मलेच दिला होता. जाळला नाही. आता ऐकतो, त्यांच्या नव्या सरकारनं झेंड्यावरचा नकाशा काढून टाकला, दोन्ही बाजूंनी सारखा शिवता येत नाही म्हणे. मले हसू नाही आलं.

परवा मागचा गोळा अन् मासा उसवला. सोबतच्या पुडक्यात झेंडा आहे, त्या सकाळी होता तसा. साहेबांलेही आज सारं खरं लिहून टाकलं. न्यायले आले तर मी दुकानातच सापडीन. बाबारावजींले सांगा, फोटो आजच लावा. तुमचा माणूस समोर तोंड करून मेला.

माफी मागायचं तोंड नाही.

खरा पळून आलेला,
मुकुंद