यीस्ट सुधारण्याचा माझा उपक्रम

३ मार्च
रोजनिशी लिहायचं ठरवून महिना होत आला. वही आणली, मग चांगलं पेन हवं म्हणून थांबलो. पेन आलं, तर वही खिडकीचं दार वाजू नये म्हणून फटीत लावलेली. आज सुरुवात. यापुढे खंड नाही.
ताई बाळंतपणाला आईकडे गेली. जाताना तिचं यीस्ट माझ्यावर सोपवलं. मी तिच्याच लॅबमध्ये काचेची भांडी धुतो, तिच्याच खोलीत राहतो. यीस्टच्या पेशीत जनुकांची नक्कल काढणारं एक यंत्र असतं, आरएनए पॉलिमरेज. त्याचे बारा भाग. ताईने चौथा काढून टाकलाय. तरी यीस्ट जगतं, पण रडतखडत. उष्णता वाढवली की मरतं. का मरतं, यावर तिची पीएचडी. प्रबंध एप्रिलअखेर दिला नाही तर मुदत संपली.
माझं काम: आठवड्याला जुन्या प्लेटवरून सुईने थोडं यीस्ट उचलून नव्या प्लेटवर ओढणे. शेजारी तुलनेसाठी साधं, बारा भागांचं यीस्ट, तेही ओढणे. आणि आजच्या आज ताईच्या यीस्टची एक नळी उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये टाकणे, म्हणजे काही झालं तरी मूळ जपलेलं राहील.
नळी उद्या.

४ मार्च
फ्रीझरचे हातमोजे सापडेनात. सापडले तेव्हा जेवायची सुट्टी. उद्यापासून पाचला उठणे.

१० मार्च
पाचला उठलो नाही. नऊलाही नाही.
पॉलिमरेजचं पुस्तक उघडलं. बारा गावचं पाणी प्यालेल्या माणसाला बारा भाग पाठ व्हायला कितीसा वेळ? एकावरून थेट चौथ्यावर गेलो. सुखाच्या दिवसांत तो नसला तरी भागतं, कठीण वेळ आली की त्याची किंमत कळते. घरात तो मी. आई, बाबा, ताई आणि चौथा मी. कठीण वेळ अजून आलेली नाही, एवढंच.
मग समोर क्रेनने गच्चीवर टाकी चढवायला घेतली. ती चढेपर्यंत थांबणं भाग होतं. क्रेनवाला म्हणाला, सहा महिन्यांत शिकशील. विचार करण्यासारखं आहे.
प्लेटा ओढल्या. ताईच्या यीस्टचे ठिपके खसखशीएवढे. शेजारचे टपोरे. लाज वाटली.
ताईच्या हाताखालची चष्मेवाली विचारत होती, दोन प्लेटांच्या मधे सुई तापवून घेतलीस ना? मी हो म्हणालो. सकाळी तापवली होतीच. ती म्हणाली, तुझ्या 'हो'ला काही अर्थ असतो का रे? मी म्हणालो, हो.

१७ मार्च
ताईच्या प्लेटवर खसखशीत तीन टपोरे ठिपके! किरकोळ मंडळींना रामराम ठोकला, या तिघांनाच पुढच्या प्लेटवर घेतलं. बियाणं असंच निवडतात.
ताईचा फोन. म्हणाली, नळी ठेवलीस ना? तेवढ्यात रेंज गेली. म्हणजे मीच फोन ठेवला, पण रेंजही कमीच होती.

२४ मार्च
अख्खी प्लेट टपोरी. माझ्या हाताला गुण आहे.
आज नळीही ठेवली. उशीर झाला तेच बरं, नाहीतर ती रोगट मंडळी जपून ठेवली असती. त्यांच्या जुन्या प्लेटा वाफेच्या भांड्यात शिजवून फेकल्या. उगाच जागा अडत होती.

२८ मार्च
भाऊजींचा फोन. मुलगी झाली. मी मामा. काय वाटतंय ते पाहायला स्टुलावर बसलो. विशेष काही वाटलं नाही. फ्लास्क धुतले.

६ एप्रिल, सकाळ
ताईचा शेवटचा प्रयोग चष्मेवालीने लावला होता. प्लेट उष्णता वाढवून सदतीस अंशाला. आज बाहेर काढली. एकही मेलेलं नाही! ताईला फोटो पाठवला: बघ, सगळे ठणठणीत. उत्तर नाही. झोपली असेल.

दुपार
ताईच्या पीएचडीच्या सरांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, हे तिचं यीस्टच नाही. सुईवरून शेजारचं साधं यीस्ट आलं आणि तू नेमकं तेच निवडत गेलास. फ्रीझरमधली नळी आण. मी म्हणालो, तीही अशीच उत्तम आहे. मग सरांनी जुन्या प्लेटांचं विचारलं. सांगितलं.
नव्याने बनवायला काही महिने जातील म्हणाले. तिला मी कळवतो, आता तू काही करू नकोस.
चष्मेवाली समोरून गेली. जाताना माझी सुई उचलून घेऊन गेली.
चहा घेतला. गार होता, ते संपल्यावर कळलं.

७ एप्रिल
कामावर गेलो नाही. सरांच्या आधी ताईला आपणच सांगायचं, असं पक्कं ठरवलं. फोन चार्जिंगला लावला. शंभर टक्के झाल्यावर करणे. झाला. जेवून करणे. जेवलो. बाळंतिणीला दुपारी उठवू नये. संध्याकाळी नक्की. तशी घाई नाही, अजून महिनाभर तरी ती तिकडून हलत नाही.
खालून कुणीतरी हाक मारतंय.
खिडकीतून पाहिलं. ताई. एकटीच. खांद्यावर पिशवी, छातीशी बाळ. फोटो पाहून तशीच बसमध्ये बसले म्हणतेय. सरांचे फोन येतायत, पण बाळापायी उचलता आले नाहीत म्हणतेय. वर नाही येत, फ्रीझरमधली नळी काढायचीय, लॅबची किल्ली तेवढी टाक म्हणतेय.