पेन ड्राइव्हचा वेग वाढल्याबद्दल तक्रार

चिरंजीव खटपट्या यास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझी सर्दी गेली का? सूनबाईची पाठ कशी आहे? (फोनवर विचारलं की तू "बरं आहे" म्हणून मोकळा होतोस, तेव्हा आता सविस्तर लिही.) इकडे माझा गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी त्याच्यामागून. बाकी ठीक.

पत्रास कारण, तू माझ्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्ह झटपट भरायची सोय करून दिलीस. हे उपकार कसे फेडू कळत नाही, आणि तुझा कान कसा पिळू तेही कळत नाही.

मुळापासून सांगते. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तुला ठाऊक आहेत. निवृत्त, उंच, बायको गेल्यापासून शर्टाचं बटण एक काज चुकवून लावणारे. तुझ्या आतोबांनी रेडिओवरून उतरवून ठेवलेली नाटकं त्यांना ऐकायची असतात. दर बुधवारी ते पेन ड्राइव्ह घेऊन खाली येतात, मी त्यात एक नाटक भरून देते, ते घरी नेऊन आपल्या लहानशा गाण्याच्या खोक्यात लावतात. आता तुझे आतोबा पडले घड्याळजी. कुठलीही वस्तू सुटी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कॉम्प्युटरमध्ये घालताना त्यांनी नाटकंही सुटी केली. प्रत्येक संवाद निराळा, दार वाजल्याचा आवाज निराळा, म्हाताऱ्याचा खोकला निराळा. एका नाटकाच्या शेकडो चिमुकल्या फायली. त्या पेन ड्राइव्हमध्ये जायच्या म्हणजे मुंग्यांनी साखरेचं पोतं हलवण्यातला प्रकार.

तेवढा वेळ डॉक्टर खुर्चीवर बसत. सुरुवातीला नुसते बोलत. आयुष्यभर समोरच्याच्या तोंडात बोटं घालून गप्पा मारलेला माणूस, त्याला उत्तराची सवयच नव्हती. आणि मी टेलिफोन ऑफिसातली. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, मध्ये तोंड घालायचं नाही हा नोकरीचा नियम. जोडी अशी जमली की बघायला नको! पण एका बुधवारी त्या खोकल्यावर काम अडून बसलं, डॉक्टरांचं बोलणं संपलं आणि मी बोलायला लागले. त्यांनी ऐकलं, खटपट्या. अक्कलदाढेचा विषय एकदाही मध्ये न आणता ऐकलं. आतोबा गेल्यापासून या घरात मी इतकं सलग बोलले नव्हते. मग दर बुधवारी थोडं ते, थोडं मी, असं चालायला लागलं.

अशात मी तुला फोनवर म्हटलं, "काय मेलं, फार वेळ लागतो त्या पेन ड्राइव्हला." माणूस बोलायला विषय हवा म्हणून कुरकुर करतो. उकडतंय म्हटलं म्हणून कोणी आभाळातला सूर्य काढून नेत नाही. तू नेलास.

आधी म्हणालास, त्या चार भोकांच्या पट्टीत लावू नकोस, कॉम्प्युटरच्या पाठीमागे निळ्या जिभेचं भोक आहे त्यात लाव. पाठीमागे म्हणजे टेबलाखाली. गेले. निळी जीभ सापडली, पण गुडघ्याने परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. तू तिकडून "आता स्पीड किती दाखवतोय?" विचारत होतास आणि मला टेबलाची खालची बाजू दिसत होती. मग व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमला गप्प बसवलंस, तो म्हणे एकेक फाईल अडवून तिची झडती घेत होता (खोकल्याचीसुद्धा!). मग ड्राइव्ह फॉरमॅट करायला लावलास. तेव्हा माझं बोट पेन ड्राइव्हऐवजी नाटकं ठेवलेल्या कप्प्याच्या अक्षरावर होतं. तू किंचाळलास म्हणून आतोबांची नाटकं वाचली. शेवटी तू रामबाण काढलास. सगळ्या फायलींचं झिप की काय ते गाठोडं बांधायचं आणि एकच गाठोडं पाठवायचं. मी सगळ्या नाटकांची गाठोडी बांधून टाकली. (बाहेर उरलेल्या सुट्या फायली पसारा नको म्हणून पुसल्या. ओरडू नकोस, झालं ते झालं.)

पुढच्या बुधवारी डॉक्टर आले, खुर्ची ओढली, आणि ते टेकायच्या आत काम झालं. चहाचं आधण अजून गार. ते तसेच अर्धवट वाकलेले राहिले. मग "वा, प्रगती आहे" म्हणाले आणि गेले. तेव्हापासून सगळं दारातच. मी विचारते, मागचं कसं होतं? ते म्हणतात, छान होतं. पुढचं घेतात आणि जातात. मी ड्राइव्ह पुन्हा जुन्या पट्टीत लावून पाहिला, त्या झडतीवाल्यालाही उठवलं. फरक पडला तो चमचाभर. हल्ली संध्याकाळी फ्रीज घुरघुरला की मी मान वळवून बघते, कोणी काही म्हणालं का म्हणून. फार एकटं वाटतं रे. तुझ्यापासून काय लपवायचं?

असो. इकडे सर्व क्षेम. काळजी नसावी.

तुझी,
आत्या

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. पेन ड्राइव्ह हळू कसा करायचा ते सांग. तुम्हा लोकांनी वेगाचे सतरा उपाय काढलेत, त्यात एखादा उलटाही असेलच.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच डॉक्टर आले, बुधवार नसताना. मी सहज विचारलं, मागच्या नाटकात खुनी कोण निघाला? ते आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "ते गाठोडं माझ्या खोक्यात वाजतच नाही हो. पहिल्यापासून नाही." म्हणजे इतके बुधवार या माणसाने एक अक्षर ऐकलेलं नव्हतं आणि तरी "छान होतं" म्हणून पुढचं न्यायला खाली येत होता! मी म्हटलं, अहो, मग सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, "मला वाटलं, मी फार वेळ बसतो, म्हणून तुम्ही भाच्याकडून वेग वाढवून घेतलात."

मी नुसती खुर्ची पुढे केली.

शेवटचा ता. क. तेव्हा हळू करण्याचं राहू दे. गाठोडी सोडायची कशी तेवढं कळव. (तू सांगितलंही असशील, पण मी तोवर आनंदाच्या भरात फोन ठेवला होता.) मात्र आता फोनवर सांगू नकोस. पोस्टानेच लिही, आणि घाई अजिबात करू नकोस. तुझं उत्तर आलं का, हे विचारायला डॉक्टर रोज खाली येणार आहेत.