खिंडीतला दगड

रविवार, १२ ऑक्टोबर. संध्याकाळ.

आज कॉलेजच्या ग्रुपबरोबर समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात दिवसभर चाललो. ऑस्ट्रेलियात येऊन दोनच महिने झालेत. एक खिंड लागली तशी मी आपसूक वाकले. आमच्या गावी, तळेघरला, वाटेवरच्या देवापुढे ठेवतो तसा एक दगड उचलून कातळावर ठेवला. इथलं काहीही हलवायचं नाही, हे गाइडने सकाळीच बजावलं होतं. आणि मी पर्यावरण शिकायला आलेय!

"हा दगड कोणी ठेवला?" गाइडने विचारलं. कातळाला टेकून लिन बसली होती, माझी व्हिएतनामची वर्गमैत्रीण. तिला इंग्रजी पटकन सुचत नाही. "पुढच्या सहलीला तू येऊ नकोस," तो तिलाच म्हणाला. मी बुटाची नाडी बांधत राहिले. सुटलेली नव्हतीच ती.

आत्ता आईचा फोन आला होता. वाटेत खिंड लागल्याचं तिला सांगितलं.
"खिंडीत दगड ठिवला का गं?"
"ठेवला की."
"मंग बरं. देव सांबाळतो."

आईला एका दमात सांगितलं. मग तिथे तोंड का उघडलं नाही? आमच्या दगडाची लाज वाटली?

येताना बसमध्ये लिनने अर्धं संत्रं दिलं. मी खाल्लं.

तिची खोली शेजारचीच आहे. बूट अजून पायातच आहेत माझ्या.