बाबांसाठी सातशे अडुसष्ट

३ मार्च, सोमवार
काल बाबा, म्हणजे माझे सासरे, पुन्हा साडूकडे. सासूबाई गेल्यापासून हा त्यांचा नेमच झालाय. रविवारी दुपारी जेवायचं, मोठ्या जावयाच्या हॉलमध्ये जाऊन गाणी ऐकायची आणि संध्याकाळी परतायचं. खरं तर आमचं घर त्यांना दोन गल्ल्या जवळ पडतं. पण आमच्याकडे ते येतात चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला. मला त्याचं काही वाटत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

साडूचा सेट मी पाहिलाय. माणसाएवढे स्पीकर, आणि हिच्या ताईनं त्यांवर कुंड्या ठेवल्यात. स्क्रीनवर १९२ असा आकडा झळकतो. तो त्यानं मला दोनदा दाखवला. एकदा पुरे होतं.

५ मार्च, बुधवार
अभ्यास केला. साध्या गाण्याच्या फायलीत सेकंदाला आवाजाचे चव्वेचाळीस हजार शंभर नमुने असतात. अपसॅम्पलिंग म्हणजे मधल्या रिकाम्या जागा लॅपटॉप हिशेब करून भरतो आणि नमुने वाढवतो. साडू एक लाख ब्याण्णव हजारांवर थांबलाय. माझा नवा डॅक, म्हणजे लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामधला डबा, सात लाख अडुसष्ट हजारांपर्यंत जातो, स्क्रीनवर ७६८. मी कुणाशी स्पर्धा करत नाही. पण चौपट म्हणजे चौपट.

फरक लगेच ऐकू आला. आवाज मखमली झाला. थोड्या वेळानं लक्षात आलं की सेटिंग सेव्हच झालं नव्हतं. सेव्ह केल्यावर आणखी मखमली झाला.

८ मार्च, शनिवार
छोटीशी अडचण. मधेच आवाज जातो. क्षणभर, कधी त्याहून जास्त. मग परत येतो, जणू काही झालंच नाही. केबल बदलली. नवी केबल बोटाएवढी जाड आहे. आवाज अजूनही जातो, पण जाताना जास्त स्वच्छ जातो.

१० मार्च, सोमवार
काल बाबा साडूकडे. आज ताईचा हिला फोन. ताई म्हणाली, बाबा आमच्याकडे अगदी तल्लीन होतात, डोळे मिटून बसतात, दोन-दोन तास हलत नाहीत. ही भाजी निवडता निवडता मला सगळं कौतुकानं सांगत होती. मी हिच्यापुढच्या चार शेंगा कच्च्याच खाल्ल्या. भूक असेल.

ठरवलं. तेवीस तारखेचा रविवार आपला. लगेच बाबांना फोन लावला. ते जरा घुटमळले. मोठ्या जावयाला वाईट वाटेल, म्हणाले. धाकट्याला कधी वाईट वाटत असेल, हे त्यांना आजवर सुचलेलं नाही. शेवटी हो म्हणाले.

१२ मार्च, बुधवार
कारण सापडलं. लॅपटॉपवर मागच्या मागे बरंच काही चालू असतं. त्यातच सगळी शक्ती जाते. वायफाय बंद केलं. अँटिव्हायरस बंद केला. कसली तरी एक फाईल उघडी होती, तीही बंद. एक अख्खं गाणं न तुटता वाजलं. साडूला फोन करायचा मोह आवरला.

संध्याकाळी. ती फाईल हिनं केलेल्या सहावीच्या प्रश्नपत्रिकेची होती. सेव्ह करू का, असं लॅपटॉपनं विचारलं होतं. मी नाही म्हटलं, कारण सेव्ह करण्यातही शक्ती जाते. हे हिला समजावून सांगितलं. ही माझ्याशी बोलत नाही.

१५ मार्च, शनिवार
साडूचा फोन. ताईकडून बातमी लागली असणार. आवाजात साखर. म्हणाला, फायली चव्वेचाळीसच्या आहेत ना, मग सातशे पाचवर ने, बरोबर सोळा पट होतात, लॅपटॉपला हिशेब सोपा जातो. मी मनात हसलो. सातशे पाच हे सातशे अडुसष्टपेक्षा कमी आहेत, एवढं कळायला मी दूधखुळा नाही. मग म्हणाला, तेही नको असेल तर फायली आधीच वाढवून ठेव, म्हणजे ऐनवेळी ताण नाही. म्हणजे बाबांना शिळं गरम करून वाढायचं. माझ्याकडे ताजं मिळेल.

वर म्हणाला, मी येऊन बघू का. कुठेतरी पाणी मुरतंय. नको म्हटलं.

१९ मार्च, बुधवार
सध्या बफर. बफर म्हणजे पुढचा आवाज आधीच भरून ठेवायची टाकी. लहान ठेवली की आवाज लगेच तुटतो. मोठी ठेवली की उशिरा तुटतो. सगळ्यात मोठी ठेवली तर बटण दाबल्यावर इतका वेळ काहीच होत नाही की मी पुन्हा दाबतो, आणि ते बंद होतं.

मूळ कारण वेगळंच निघालं. लॅपटॉप तापतो, आणि तापला की मंदावतो. चार वाट्या पालथ्या घालून त्यांवर ठेवला. समोर टेबलफॅन. तुटणं बरंच कमी झालं. शिवाय फॅनच्या घरघरीत राहिलेलं तुटणं कळत नाही. दुहेरी फायदा.

२२ मार्च, शनिवार
ही बोलायला लागली. पहिलंच वाक्य, ते वाढवणंबिढवणं सोडा आणि नुसती गाणी लावा, बाबांना त्यातलं काय कळतंय.

हे मला लागलं. कळतं म्हणूनच तर ते साडूकडे जातात ना. बाबांनी एकदा माझ्या हॉलमध्ये, माझ्या खुर्चीत डोळे मिटून बसावं, एवढंच मला हवं आहे. हे मी हिला सांगितलं नाही. आकडा कमी होणार नाही, एवढंच सांगितलं.

२३ मार्च, रविवार. दुपारी
फॅनच्या आडून लिहितोय. बाबा आले. खुर्ची दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध. बासरी लावली. थोड्याच वेळात त्यांचे डोळे मिटले. मान किंचित झुकली. तल्लीन. फोटो काढून ताईला पाठवावा म्हणून मोबाईल घेतला, आणि आवाज गेला.

बाबांनी दचकून डोळे उघडले. काय झालं, म्हणून विचारलं. काही नाही म्हटलं. बासरी परत आली, डोळे परत मिटले. पुन्हा आवाज गेला, पुन्हा दचकले. काय कान आहेत. क्षणभराचं तुटणं सुटत नाही. अशा कानांना साडू इतके दिवस एकशे ब्याण्णव ऐकवतोय.

जरा वेळानं. लॅपटॉप हँग झाला. बाबा पाणी प्यायला आत गेलेत. अजून बाहेर आले नाहीत.

त्याच दिवशी. संध्याकाळी
स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून ऐकलं ते असं. बाबा हिला सांगत होते, मोठ्या जावयाकडे काय वाजतं ते मला काही कळत नाही, पण ते थांबत नाही. तुझी आई सारखी काहीतरी बोलत असायची, भांडी आपटत असायची, त्यात मला दुपारी छान झोप लागायची. आता घर गप्प असतं. जरा डोळा लागतो, आणि सगळं शांत आहे असं जाणवलं की जाग येते. तिकडे रविवारी दोन तास झोप होते, आठवड्यातली धड झोप तेवढीच. शेवटी म्हणाले, जावयाला यातलं काही सांगू नकोस, फार खटपट केलीय त्यानं.

म्हणजे इतके दिवस मी साडूच्या सेटवर नाही, सोफ्यावर जळत होतो.

हॉलमध्ये आलो. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. अपसॅम्पलिंग काढून टाकलं आणि फाईल होती तशी लावली. एकदाही तुटली नाही. आवाजात फरक पडला का, ते लिहीत नाही.

बाबांना बोलवायला आत गेलो. ही भांडी विसळता विसळता शाळेतल्या कुणाची तरी तक्रार सांगत होती आणि बाबा टेबलाशी बसल्या बसल्या पेंगत होते. ही हळूच म्हणाली, बाहेरचं ते बंद करा. बंद केलं. मग म्हणाली, मला गच्चीवरचे कपडे आणायचेत, तुम्ही इथे बसा, काहीही बोला, पण थांबू नका.

काहीही म्हणजे नक्की काय, ते सुचेना. मला बाबांशी चष्म्याच्या स्क्रूपलीकडे बोलायची सवय नाही. मग अपसॅम्पलिंग सांगायला घेतलं, अगदी पहिल्यापासून. नमुने कसे भरतात, केबल जाड का हवी, सातशे पाचमध्ये काय खोट आहे. बफरपर्यंत आलो तेव्हा बाबा घोरायला लागले. मी थांबलो नाही. ही कपडे घेऊन आली, घड्या घालून झाल्या, तरी मी बोलत होतो.

बाबा दिवे लागेपर्यंत झोपले. माझा घसा पार बसलाय. साडूचं बोलणं पाच मिनिटांत संपतं, त्याला हे जमायचं नाही.