रुसलेल्या मामाचं इंग्रजी

५ फेब्रुवारी
संकल्प: रोज एक इंग्रजी क्रियापद. कापसाच्या जिनिंगच्या मालकाचा मुलगा पुण्याहून शिकून आल्यापासून ऑफिसात इंग्रजीच झाडतो, आणि मी, इतका जुना सुपरवायझर, 'येस सर' म्हणून मान हलवतो. हे बंद. मोबाइलवर अ‍ॅप घेतलं. आजचं क्रियापद: इम्प्लोर. अर्थ: कळकळून विनवणे, गयावया करणे. उपयोग: आय इम्प्लोर यू. आपल्याला या क्रियापदाची गरज पडेल असं वाटत नाही. तरी पाठ केलं. दिवाळीपर्यंत मालकाचा मुलगा माझ्याकडे शिकवणी लावेल.

६ फेब्रुवारी
भाची मोनिकाच्या लग्नाची पत्रिका आली. व्हॉट्सअ‍ॅपवर! सख्ख्या मामाला! गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली! अंतरपाटाशी नवरीच्या मागे मामा उभा राहतो. धाकटा अंगदही मामाच, पण मान थोरल्याचा, म्हणजे माझा. अशा मामाला बहीण-मेहुणे घरी येऊन, कुंकू लावून, अक्षता देऊन बोलावतात.
निर्णय झाला. अक्का आणि सर्जेराव दाजी जाफराबादहून परतूरला येऊन मला इम्प्लोर करत नाहीत तोवर मी हलणार नाही. क्रियापद एका दिवसात कामाला आलं. आज नवीन घेतलं नाही. आहे तेच पक्कं करू.

७ फेब्रुवारी
वाक्यात उपयोग: दाजी मला इम्प्लोर करतात. अक्का डोळ्याला पदर लावून इम्प्लोर करते. मी खिडकीबाहेर बघतो.
अ‍ॅप म्हणतं, रिक्वेस्ट ही साधी मागणी. इम्प्लोरमध्ये जीव तुटावा लागतो. म्हणजे नुसतं 'या बरं का' चालणार नाही.
बायकोला बजावलं, मी रुसलोय हे कुणालाही सांगायचं नाही. ज्याला कळायचं त्याला आपोआप कळतं. वर्षाराणी म्हणाली, "आन न्हाई कळलं तर?" तिला मानापमानातलं बारीक समजत नाही.

१० फेब्रुवारी
कोणी आलं नाही. लग्नघरात धांदल असणार. दाजींसाठी चांगली खुर्ची पुसून ठेवली. चहाला जास्तीचं दूध आणलं, ते नासलं. अट थोडी सैल केली: दोघांनी यायची गरज नाही. एकट्या दाजींनी इम्प्लोर केलं तरी चालेल. मन मोठं ठेवावं.

१२ फेब्रुवारी
अक्काचा फोन! वाजू दिला. मानी माणूस पहिल्या फोनला उचलत नसतो. दुसरा आलाच नाही. तिने वर्षाराणीला लावला आणि दोघी साड्यांवर बोलत बसल्या. मी पेपर उलटा धरून ऐकत होतो. माझा विषय निघाला का, असं सहज विचारलं. म्हणाली, "इचारून राह्यल्या होत्या, रामप्रसाद कधी निघतो म्हणून. मी म्हन्लं, जिनिंगचा सीझन हाय, सुट्टीचं काई खरं न्हाई."
उत्तर मुत्सद्दी आहे. आता अक्काला संशय येणारच. फोनवर इम्प्लोर केलं तरी मान्य करायचं ठरवलं. फोन चार्जिंगला लावून शेजारी उभा राहिलो. अंघोळही लांबवली.

१५ फेब्रुवारी
वर्षाराणी हळदीला गेली. बॅग भरत होती तेव्हा मुद्दाम दारात उभा राहिलो. "मी जाऊन राह्यले. दुरडीत भाकरी हायेत. यायचं तर या," म्हणाली. हे रिक्वेस्टमध्येसुद्धा बसत नाही.
घर खायला उठलंय. मोनिका लहानपणी जत्रेत माझ्या खांद्यावरून उतरायलाच तयार नसायची. उतरवली की भोकाड पसरायची. मला तिच्या मागे उभं राहायचंय. फार उभं राहायचंय. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.
शेवटची सवलत: व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते जोडलेले हात आले तरी इम्प्लोर समजावं.

१६ फेब्रुवारी, सकाळ
आले! फॅमिली ग्रुपवर दाजींनी हात जोडलेत. मजकूर: कृपया गाड्या मंडपासमोर लावू नयेत. माझ्याकडे गाडी नाही, पण भावना पोचली. दाजींना इतकं ताणणं बरं नव्हे. निघालो.

१७ फेब्रुवारी
काल मंडपात पोचलो तर अंगद मामाचा फेटा बांधून तयार. मला बघून अक्का रडायलाच लागली. "भेटली का रे सुट्टी? वर्षाराणी म्हन्ली, मालक सोडून न्हाई राह्यला. म्हणून अंगदला उभा करून राह्यलो होतो."
म्हणजे इतके दिवस मी रुसलो होतो हे एकाही माणसाला माहीत नव्हतं. अंगदने बिचाऱ्याने फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. मोनिका मुंडावळ्यांतून हसली. भरून पावलो.
तेवढ्यात दाजी धावत आले. नवरदेवाचे चुलते कडूबा जानोशात, वऱ्हाडाच्या उतरायच्या खोलीत, रुसून बसलेत, सगळ्यांना फेटे बांधले आणि त्यांना विसरले म्हणून. दाजी म्हणाले, "रामप्रसाद, तुमच्यावानी समजदार मानूस न्हाई आपल्यात. कधी रुसले न्हाई, कधी मान मागितला न्हाई. तुमीच घेऊन या त्यायला. जल्दी."
गेलो. कडूबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. "मला कोनी इचारलं न्हाई," एवढंच म्हणायचे. त्यांचं दुःख मला जितकं समजलं तितकं त्या मंडपात कुणाला समजलं नसतं. हात जोडले. पाया पडलो. जीव तोडून विनवलं, ते खोटं नव्हतं. तरी उठेनात. शेवटी डोक्यावरचा फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला.
तेव्हा लाऊडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली. मुहूर्त काही थांबत नाही. मोनिकाच्या मागे अंगद उभा राहिला असणार, उघड्या डोक्याने.
कडूबांची कळी खुलली. फेटा चाचपत उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, लई चांगले मानूस तुमी. नवरीचे कोन लागता?
म्हणालो, मामा.
कडूबा म्हणाले, "मंग मामा हितं काय करून राह्यले?"