बसवाच्या धुराड्यावरचा डबा

उदगीर,
४ ऑक्टोबर २०२४

प्रिय अमरेश अण्णा,

शरणु शरणार्थी. आप्पांचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक आहे. काल घट बसले. वहिनीला नमस्कार, अक्षराला गोड पापा.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू "हाव, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागद निदान शेवटपर्यंत वाचशील.

अण्णा, बसवा चालू झाला! आपला लाल ट्रॅक्टर! गोठ्यात पंचवीस वर्षं कोंबड्या ज्याच्यावर झोपल्या, तो! रविवारी सकाळी सव्वाअकराला.

तीन महिने मी दर रविवारी गावी जात होते आणि लोह्याहून वैजनाथ मिस्त्री येत होते. तुझे दाजी रोज चिडवायचे, "माहेरचं भंगार घासून सोनं निघणार हाय का?" एअर क्लीनरमध्ये गांधीलमाश्यांनी घर केलेलं. पिस्टन असे जाम, की मिस्त्रींनी वरून डिझेल ओतून तीन आठवडे लोणच्यासारखं मुरत ठेवलं. एक पार्ट मिळेना, तो शेवटी नांदेडच्या भंगार बाजारात सापडला. त्या दिवशी मी दुकानदाराला पेढे दिले.

तर रविवारी मिस्त्रींनी डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि म्हणाले, "ताई, मारा सेल." पहिल्यांदा नुसतंच कण्हला. दुसऱ्यांदा ठसकला. तिसऱ्यांदा काळ्या धुराचा लोट निघाला आणि डग डग डग डग! अरे, तोच आवाज! मांजर छपरावर पळालं. आप्पा काठी न घेता बाजेवरून उठले. मी, चाळीस वर्षांची शाळेतली बाई, गोठ्यासमोर नाचले. खोटं वाटत असेल तर मिस्त्रींना विचार.

आता खरी गोष्ट. अजून पानभर इंजिनाचंच लिहीत बसले असते, पण पुरे झालं.

तुला ती खांडेनवमी आठवते? तू बसवाला धुऊन पुसून विभूती लावलीस, झेंडूचा हार घातलास आणि नारळ आणायला गेलास. मी पंधरा वर्षांची. नाव बसवा, म्हणजे देवच की! त्याच्यावर जलधारा नको का? मी चाकावर चढले, धुराड्यावर पालथा घातलेला डबा काढला आणि पिंडीवर घालतात तसं वरून पाणी ओतलं. दोन तांबे. मग डबा पुन्हा ठेवला. भक्ती फार होती, अक्कल नव्हती.

दसऱ्याला बॅटरी उतरली म्हणून तू बसवाला उतारावरून सोडलंस, गियर टाकलास आणि धाडकन आवाज होऊन तो थांबला. आप्पा सगळ्या गावासमोर म्हणाले, "माज आलाय तुला. मोडलंस बसवाला. आता हात लावू नगंस." त्यांनी मिस्त्रीलाही बोलावलं नाही. आठ दिवसांत तू नांदेड गाठलंस.

त्या दिवशी धुराड्याच्या सांध्यातून पाणी गळताना मी पाहिलं होतं, अण्णा. आधी आप्पांच्या माराला भ्याले. नंतर तुला. नांदेडच्या विष्णुपुरीहून तू दिवाळीला येतोस, चहा पितोस, आप्पांशी बोलायचं ते माझ्याकडून बोलतोस, आणि मी दोघांचे निरोप पोचवत राहते. लाज वाटते रे.

जुलैत मिस्त्रींनी इंजिन उघडलं. आतला दांडा वाकलेला होता. म्हणाले, "ताई, नुसतं उतारावर सोडून असं व्हत न्हाई. ह्याच्यात वरून पाणी गेलंय." तेव्हापासून रोज ठरवत होते, आज सांगू.

शेवटी रविवारी आप्पांना सांगितलं. बसवा चालूच होता, त्यामुळे ओरडावं लागलं. "आप्पा, पाणी मी ओतलं होतं!" "काय?" "पाणी! धुराड्यात! मी! अण्णाची चूक नव्हती!" सगळ्या गल्लीने ऐकलं. आप्पांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर हात ठेवला. "पंचवीस साल," म्हणाले, "आन् मी त्या लेकराला..." मला शब्दानेही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग आप्पांनी जुनाच डबा शोधून आणला आणि धुराड्यावर पालथा घातला. "ह्यो आता अमऱ्याच काढंल. तवर कुणी सेल मारायचा न्हाई." मिस्त्री बिचारे एक चक्कर मारणार होते, त्यांनीही हत्यारं पिशवीत भरली.

खांडेनवमी आठवड्यावर आली आहे. तू ये. माझ्यावर जितका राग काढायचा तितका समोर उभा राहून काढ, मी ऐकून घेईन. ह्या वेळी बसवाला ओल्या फडक्याने पुसेन, शप्पथ.

मी निघाले तेव्हा आप्पा रस्त्यापर्यंत आले. तुला निरोप दिला आहे, जसाच्या तसा लिहिते: "त्याला म्हणावं, बॅटरी नवी टाकलीय. उतारावर सोडायची गरज न्हाई."

हा मी पोचवलेला शेवटचा निरोप. पुढचं तुम्ही दोघं बोला.

तुझी अपराधी,
मंजू